मणिकर्णिकेचा काठ

उगमापासून समुद्रापर्यंत गंगेचा ओढा पूर्वेकडे आहे. काशीपाशी मात्र ती वळसा घेते आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहू लागते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पश्चिम तीरावर, कंकरमिश्रित चिकणमातीचा उंच कडा आहे आणि आतल्या अंगाला नुसती वाळू. म्हणून शहर एकाच काठावर वसले आणि समोरचा काठ मोकळा राहिला. सूर्य त्या मोकळ्या वाळूमागून उगवतो तो थेट घाटावरच्या माणसाच्या तोंडावर.

अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंत या कड्यावर सहा-साडेसहा किलोमीटरांत ८४ घाट मोजतात. त्यांच्या साधारण मध्यावर मणिकर्णिका आहे. उत्तरेला शिंदे घाट, दक्षिणेला जलासेन आणि ललिता घाट. मधली पट्टी चालत निघालो तर पाच-दहा मिनिटांत संपते. एवढ्या जागेत एक कुंड, विष्णूच्या चरणपादुका, तारकेश्वराचे देऊळ, लाकडांच्या वखारी, नावाड्यांच्या नावा, चहाच्या टपऱ्या, पंड्यांच्या छत्र्या आणि रात्रंदिवस पेटलेल्या चिता. शहराच्या पोटात असूनही ही वस्ती आडबाजूची राहिली आहे. चौकातून इथे येणाऱ्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावे लागते, आणि तिरडी आली तर दोघांनाही. गाडी इथवर येत नाही. जड सामान यायचे ते नदीने.

मराठी माणसाला काशी नवी नाही. मुंजीत बटूला काशीयात्रेला धाडण्याचा विधी आपल्याकडे आहे, काशीहून परतलेल्यांनी मावंदे घालायची रीत आहे, देव्हाऱ्यात गंगेचा गडू आहे. पण या काठाच्या पायऱ्यांमध्ये आपल्या मुलखाचा किती पैसा, किती कारागिरी आणि किती पिढ्यांची चिकाटी मुरली आहे, याची जाणीव आपल्यातल्या फार थोड्यांना आहे. हा लेख त्या जाणिवेसाठी आहे.

शहर श्मशानाकडे आले

आपल्याकडे श्मशान गावाबाहेर असते, शक्यतो नदीच्या उतरत्या अंगाला. काशीत ते शहराच्या ऐन मध्यावर कसे, हा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर उत्खननात सापडते. जुनी वाराणसी आजच्या शहराच्या उत्तर टोकाला, राजघाटच्या पठारावर होती. तिथे १९४० मध्ये रेल्वेच्या कामात अवशेष उघडे पडले आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या उत्खननांनी ती वस्ती इसवी सनापूर्वी कित्येक शतके मागे नेली. त्या नगराच्या दृष्टीने मणिकर्णिका दक्षिणेची वेशीबाहेरची जागा होती. सभोवती झाडी आणि तळी. पुराणांनी या भागाला आनंदवन म्हटले आहे.

११९४ मध्ये घोरीच्या फौजांनी राजघाटचे वैभव मोडले. त्यानंतरच्या शतकांत वस्ती हळूहळू दक्षिणेकडे सरकत गेली, तळी बुजत गेली आणि गल्ल्या चितांच्या जागेला येऊन भिडल्या. श्मशान होते तिथेच राहिले, गावच त्याच्याभोवती वाढले.

धर्माच्या नकाशावर मात्र ही जागा आधीपासून मध्यवर्ती होती. काशीखंडातली कथा अशी : विष्णूने आपल्या चक्राने इथे कुंड खणले, तप करताना आलेल्या घामाने ते भरले, आणि ते पाहून शंकराने आनंदाने मान डोलावली तेव्हा त्याच्या कानातले रत्नजडित भूषण कुंडात पडले. म्हणून ती मणिकर्णिका. कुंडाचे नाव चक्रपुष्करिणी. गंगा पृथ्वीवर येण्याच्या आधीपासून हे कुंड आहे, अशी श्रद्धा आहे. अस्सी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा आणि आदिकेशव या पंचतीर्थांत तिचे स्थान सर्वांत वरचे मानतात. दुपारी बाराला सगळी तीर्थे इथे स्नानाला येतात, असे समजून भाविक भर माध्यान्ही पाण्यात उतरतात. पंचक्रोशीची परिक्रमाही मणिकर्णिकेवर स्नान करून निघते आणि कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे मुक्काम करत इथेच परत येऊन पुरी होते.

पैठणची वाट

या काठाशी मराठी मुलखाचे नाते तलवारीच्या आधी पोथीने जोडले गेले. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणात पैठणचे रामेश्वर भट्ट कुटुंबासह काशीत येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधींवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. मणिकर्णिकेवर संकल्प कसा सोडायचा, श्राद्ध कुठे करायचे, स्नानाचा क्रम काय, याचे निर्णय देशभरचे पंडित त्या ग्रंथाच्या आधारे देऊ लागले. अकबराच्या काळात, १५८५ च्या सुमारास, विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे राहिले त्यामागे तोडरमलाचा आश्रय होता आणि नारायण भट्टांची विद्वत्ता होती. याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाला आले.

पैठणचेच एकनाथ महाराज. नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणला सुरू केली, पण ती पुरी झाली काशीत, १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला. त्याआधी दोन वर्षे रामनवमीला ‘रुक्मिणीस्वयंवर’ही त्यांनी काशीतच पूर्ण केले. मराठीत भागवत सांगणे काशीच्या पंडितांना आधी मानवले नव्हते, आणि नंतर त्याच नगरात त्या ग्रंथाची मिरवणूक निघाली, अशी परंपरा सांगते. वारकऱ्यांच्या फडांवर आज वाचली जाणारी ओवी गंगेच्या या काठावर तावूनसुलाखून निघाली आहे.

जिंकता आली नाही, बांधता आली

अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदा ओलांडून उत्तरेत फिरू लागल्या तेव्हा पेशव्यांच्या मनात काशी, प्रयाग आणि गया ही त्रिस्थळी आपल्या ताब्यात असावी, ही इच्छा घर करून होती. पत्रापत्रांतून ती दिसते. ती पुरी झाली नाही. काशी अवधच्या नवाबाच्या छायेखाली राहिली, पुढे बनारसच्या राजांकडे आली आणि १७७५ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात पडली. मराठ्यांचे निशाण या शहरावर कधी फडकले नाही.

जे तलवारीने झाले नाही ते गवंड्यांनी केले. १७३०च्या दशकात बाजीराव पेशव्यांच्या पैशातून मणिकर्णिका आणि दशाश्वमेध या घाटांची पक्की बांधणी सुरू झाली. काम पाहायला सदाशिव नाईक होते. त्या वेळी शहराचा कारभार मीर रुस्तम अली यांच्याकडे होता. मणिकर्णिकेपासून जवळच असलेला मीर घाट त्यांनी बांधला. म्हणजे पुण्याचा पेशवा आणि अवधचा मुसलमान अधिकारी एकाच काळात, एकाच काठावर, हाकेच्या अंतरावर दगड बसवत होते. याच सुमारास, १७३५ मध्ये, बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या. वाटेत राजपुतान्याच्या राजांनी त्यांचे स्वागत केले आणि ज्यांच्याशी बाजीराव लढत होते त्या मोगल सरदारांच्या मुलखातूनही त्या मानाने पार पडल्या. यात्रेला निघालेल्या म्हाताऱ्या आईला अडवायचे नाही, एवढी सभ्यता त्या काळच्या वैरात होती.

पेशवे घराण्याचे श्रद्धास्थान असलेले कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर हेही याच दशकात काशीत स्थायिक झाले. ब्रह्मघाट आणि दुर्गाघाटाच्या उभारणीत त्यांचा हात होता. दीक्षितांच्या घरातून पुण्याला जाणारी पत्रे म्हणजे उत्तरेच्या राजकारणाचे बातमीपत्रच होते. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०च्या दशकात निघाले. त्यांत काशीची ही पत्रे जागोजागी भेटतात. मणिकर्णिकेच्या उत्तरेला पंचगंगेपर्यंत मराठी वाड्यांची रांग लागली ती अशी. नागपूरकर भोसल्यांचा घाट, ब्रह्मघाटावरचा आंग्र्यांचा वाडा, अमृतराव पेशव्यांचा अमृतविनायक ही त्यातली काही नावे. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पा पेशवाई बुडाल्यावर याच शहरात येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांबे यांना इथे मुलगी झाली. घाटाचे नाव त्यांनी लेकीला दिले. ती मणिकर्णिका पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली.

अहिल्याबाईंचा दगड

मणिकर्णिकेवर सर्वांत खोल ठसा आहे तो अहिल्याबाई होळकरांचा. विश्वनाथाचे आजचे देऊळ त्यांनी बांधवले. ते १७८०च्या सुमाराला उभे राहिले. मणिकर्णिकेचे मोठे काम त्यानंतरचे, १७९१ च्या आसपासचे. पेशव्यांच्या काळातल्या पायऱ्या साठ वर्षांच्या पुरांनी खिळखिळ्या झाल्या होत्या. अहिल्याबाईंनी घाट नव्याने बांधून घेतला.

अहिल्याबाईंनी देशभर घाट, बारव आणि धर्मशाळा बांधल्या त्या खासगीच्या उत्पन्नातून. दौलतीचा खजिना वेगळा आणि राणीची खासगी वेगळी, असा होळकरांचा काटेकोर शिरस्ता होता. यात्रेकरूच्या सोयीसाठी रयतेच्या महसुलाला हात लावायचा नाही, आणि बांधलेल्या वास्तूच्या देखभालीसाठी कायमची तरतूद करून ठेवायची, असा हा हिशेब होता. त्याच परंपरेतून १९६२ मध्ये इंदूरचा खासगी ट्रस्ट झाला. महेश्वरला बसून शेकडो कोसांवरचा घाट बांधवायचा तर विश्वासू कारकून, हुंडी वटवणारे सावकार, दगड आणणारे नावाडी आणि दरसाल हिशेब तपासणारी नजर लागते. अहिल्याबाईंच्या पुण्याईइतकीच त्यांची ही व्यवस्था मोठी होती.

शेजारच्या घाटावर हेच काम दुसऱ्या मराठी विधवेने हाती घेतले. दौलतराव शिंद्यांच्या मागे ग्वाल्हेरचा कारभार हाकणाऱ्या बायजाबाईंनी १८२८ मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप बांधला आणि पाठोपाठ मणिकर्णिकेलगत एक भव्य घाट उभारायला घेतला. हा घाट स्वतःच्या वजनाने खचला आणि नदीत उतरला. अनेक वर्षे त्याचे दगड तसेच पडून होते. पुढे १९३७ च्या सुमारास ग्वाल्हेर दरबाराने तो पुन्हा बांधला.

तो खचला याचे कारण काठाच्या स्वभावात आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नदीचा जोर जास्त असतो आणि ती कड्याचा पायथा आतून पोखरत राहते. पुरात काठाची माती पाणी पिऊन फुगते. पूर उतरला की नदीचा बाहेरून मिळणारा आधार जातो, पण मातीत मुरलेले पाणी लगेच निघत नाही. ते आतून दगडी भिंतीला बाहेर ढकलते. वर जितके वजन, तितका धोका मोठा. मणिकर्णिका आणि शिंदे घाट यांच्या मध्ये रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. ते सुमारे ९ अंशांनी कललेले आहे. दंतकथा सांगते की आईचे ऋण फेडले, असा गर्व बांधणाऱ्याने केला म्हणून देऊळ कलले. इतर देवळे पायऱ्यांच्या वर असतात आणि हे पार पाण्याशी बांधले आहे. त्याचा गाभारा वर्षातले कित्येक महिने पाण्यात आणि गाळात असतो. अशा जागी देऊळ कलावे यात नवल नाही. कललेले असूनही उभे आहे, याचे श्रेय मात्र कारागिराला द्यायला हवे.

विस्तव आणि पारी

दगडाइतकाच जुना इथला माणूस आहे. चितेचा विस्तव काडीपेटीने लावत नाहीत. घाटावर श्मशानाचे काम सांभाळणाऱ्या डोमांनी जपलेली अखंड धुनी आहे. कर्ता मुलगा तिथे जातो, दक्षिणा ठरते, आणि गवताच्या पेंढीत तो विस्तव घेऊन तो चितेभोवती फेऱ्या घालतो. सत्यवचनासाठी स्वतःला विकणाऱ्या हरिश्चंद्राला ज्याने विकत घेतले त्या कल्लू डोमाचे आपण वंशज, असे डोम समाज सांगतो. घाटावरच्या उत्पन्नाचे दिवस घराण्याघराण्यांत वाटलेले आहेत. ज्याची पारी असेल त्याचा त्या दिवशीचा हक्क. एका घराला महिन्यात बरेच दिवस, तर वाटण्या होत गेलेल्या दुसऱ्या घराला वर्षातले मोजके. ज्यांच्या हातच्या विस्तवावाचून राजाचीही चिता पेटत नाही, त्यांनाच याच शहराने पिढ्यान्‌पिढ्या शिवून घेतले नाही. डोमराजा जगदीश चौधरी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मान मिळाला हे चांगले झाले. चिता रचणाऱ्या पोराच्या पायात धड चप्पल आणि शाळेच्या पटावर त्याचे नाव, हा मान अजून पुरता मिळालेला नाही.

लाकडाच्या वखारी घाटाच्या मागच्या बाजूला आहेत. ओंडके भिंतींच्या उंचीपर्यंत रचलेले असतात आणि मोठ्या तराजूवर मणाच्या मापाने तोलले जातात. एका देहाला साधारण तीनशे किलो लाकूड लागते आणि तीनेक तास जातात. ज्याची ऐपत असेल तो वर चंदनाचा तुकडा ठेवतो. चिता शांत झाली की कर्ता खांद्यावरून मागे घडा फोडतो आणि मागे न पाहता निघून जातो. त्याआधी राखेवर बोटाने ९४ हा आकडा लिहायची इथली एक रीत आहे. माणसाच्या शंभर कर्मांपैकी ९४ त्याच्या हाती असतात आणि उरलेली सहा, म्हणजे जन्म-मरण, यश-अपयश, लाभ-हानी, देवाच्या हाती, असा त्याचा अर्थ सांगतात. नंतर राख नदीकाठी नेतात. तिथे कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली माणसे ती टोपलीत चाळतात. एखादा सोन्याचा मणी, एखादी नथ हाती लागली तर त्या दिवसाची चूल पेटते.

या काठावर शोकालाही सण आहेत. चैत्र नवरात्राच्या सप्तमीला महाश्मशाननाथापुढे नर्तकी रात्रभर गाऊन-नाचून सेवा करतात. अक्षय तृतीयेला मणिकर्णिका देवीची अष्टधातूची मूर्ती कुंडावर आणतात आणि कुंडात स्नानाला झुंबड उडते.

पाणी चढते तेव्हा

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ मध्ये नदी ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. उन्हाळ्यातली नदी धोक्याच्या पातळीच्या दहा-बारा मीटर खाली असते. मणिकर्णिकेच्या माणसाचे वर्ष या चढ-उतारावर बांधलेले आहे. श्रावण-भाद्रपदात पाणी खालचे चौथरे गिळते, मग कुंड, मग चरणपादुका. चिता एकेक टप्पा वर सरकतात आणि शेवटी घाटावरच्या इमारतीच्या छतावर जातात. खाली गल्लीत प्रेते ओळीने थांबलेली असतात, लाकूड भिजलेले असते, भाव वाढलेला असतो. तरी काम थांबत नाही.

पाणी उतरल्यावर खरी मेहनत सुरू होते. पूर जाताना कुंडात आणि पायऱ्यांवर माणूसभर गाळ टाकून जातो. पंपाच्या झोताने आणि फावड्यांनी तो परत नदीत लोटतात. काही आठवडे घाट चिखलाचा डोंगर वाटतो. मग एक पायरी दिसते, मग दुसरी. दरसाल हे असेच चालते. पेशव्यांनी आणि अहिल्याबाईंनी बांधलेला घाट आज आपल्या पायाखाली आहे तो दर आश्विनात गाळ उपसणाऱ्या या हातांमुळे.

आता काय करायचे

विश्वनाथ धामाचे काम मार्च २०१९ मध्ये सुरू झाले आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे लोकार्पण झाले. सुमारे तीनशे वास्तू विकत घेऊन पाडल्या गेल्या आणि देवळापासून नदीपर्यंत मोकळी वाट झाली. त्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळाही बसवला आहे. जुलै २०२३ मध्ये मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन्ही श्मशानघाटांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. या कामाची गरज कोणीही नाकारू नये. जिथे रोज शेकडो शोकाकुल माणसे येतात तिथे बसायला सावली, लाकूड ठेवायला जागा, धूर वर नेणारी सोय आणि काम करणाऱ्यांना अंघोळीची व्यवस्था हवीच.

जानेवारी २०२६ मध्ये या कामात घाटावरची जुनी मढी पाडली गेली. अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेल्या मूर्ती आणि कोरीवकाम ढिगाऱ्यात दिसल्यावर काशीपासून इंदूरपर्यंत संताप उसळला. मूर्ती सुरक्षित आहेत आणि काम झाल्यावर पुन्हा बसवल्या जातील, असे प्रशासनाने सांगितले. ते वचन पाळले जावे. पण एक गोष्ट त्याआधीच व्हायला हवी होती आणि उरलेल्या कामात तरी व्हावी : दगड हलवण्यापूर्वी त्याचे माप, त्याचे छायाचित्र, त्याचा क्रमांक आणि त्याची मूळ जागा यांची नोंद. अहिल्याबाईंच्या कारकुनाने पै-पैचा हिशेब ठेवला. आपल्या हाती त्याहून कितीतरी चांगली साधने आहेत.

आणि एक काम सरकारचे नाही, आपले आहे. काशीचे कागद महाराष्ट्रभर विखुरलेले आहेत. कुणाच्या आजोळी मोडी लिपीतले पत्र असेल, कुणाकडे पणजोबांच्या यात्रेचा हिशेब, कुणाकडे काशीच्या उपाध्यांनी दिलेली वंशावळ, कुणाकडे काशीतल्या वाड्याचा दस्त. वाळवी आणि आवराआवर यांच्या तडाख्यात हे दरवर्षी नाहीसे होत आहे. वाचकांना विनंती अशी की या दिवाळीत घर आवरताना जुनी ट्रंक उघडलीत आणि असा कागद सापडला, तर तो रद्दीत घालू नका. त्याची स्वच्छ छायाचित्रे काढा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे किंवा पुराभिलेखागाराकडे त्याची प्रत पोचवा. मणिकर्णिकेच्या कोणत्या पायरीसाठी कोणी, कधी आणि किती पैसे दिले, याचा पुरावा कदाचित तुमच्याच घरात असेल.